आधी झोप गेली की आधी डोकं बिघडलं? सोलापूरच्या एका ताईंना उत्तर

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंनी विचारलंय. मजकूर मोठा आहे, सार सांगतो. नवरा 44 वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात मागावर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, पाळी बारा तासांची. सात-आठ महिन्यांपासून स्वभाव पार बदललाय. पोराने पंख्याचं बटण दाबलं तरी अंगावर धावून जातात. सांगितलेलं विसरतात. "मालक मुद्दाम माझ्याच टॉवेलात फॉल्ट काढतो आणि पैसे कापतो" हे रोजचं पालुपद. दोनदा म्हणाले, कुणीतरी नाव घेऊन हाक मारली, आणि घरात कुणी नव्हतं. मागच्या महिन्यात कारखान्यातून परतताना मोटारसायकल दुभाजकाला घासली. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. मेडिकलवाल्याने झोपेची गोळी दिलीय, अर्धी घ्यायचे, आता एक घेतात. रविवारी ताडी. ताई स्वतः घरी विड्या वळतात, पाणी आलं की रात्री उठून भरतात, आणि त्यांचे पाय रात्री "ओढतात". त्यांचा प्रश्न: हे वेड लागण्याची सुरुवात आहे का? मनोविकाराच्या गोळ्या एकदा चालू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात का?

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: "घोरणं लग्नापासूनच आहे, पण आता मधेच आवाज बंद होतो आणि एकदम दचकून श्वास घेतात." मी तिथून उलटं वाचत आलो, तर बाकीचं बरंचसं कोडं सुटायला लागलं.

बावीस वर्षं मी या गावात मनोविकारतज्ज्ञ म्हणून बसतोय. "डॉक्टर, माझी झोप कमी पडते" असं म्हणत माझ्याकडे फार कमी लोक येतात. येतात ते रागाची, संशयाची, विसरण्याची, रडू येण्याची तक्रार घेऊन, आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्याने आणलेली असते. बायको आणते, आई आणते. ज्याची झोप कमी पडलेली असते तो खुर्चीत मागे रेलून म्हणतो, "मला काय झालंय? हिचंच डोस्कं फिरलंय." तो खोटं बोलत नसतो. झोप कमी पडल्याची बातमी ज्या मेंदूने द्यायची, तोच मेंदू झोपेअभावी बधिर झालेला असतो.

यावर अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. निरोगी माणसांना 14 दिवस रोज सहाच तास झोपू दिलं आणि रोज त्यांचं लक्ष किती टिकतं ते मोजलं. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची कामगिरी एक पूर्ण रात्र जागलेल्या माणसांइतकी खाली आली होती. पण "झोप येतेय का?" असं विचारल्यावर ते सुरुवातीच्या काही दिवसांनंतर "ठीक आहे, सवय झाली" अशाच सुरात उत्तर देत होते. सवय झाल्याचा भास होत होता, कामगिरी मात्र रोज थोडी थोडी घसरतच होती. सहा तास म्हणजे सोलापुरात भरपूर झोप समजली जाते. तुमचे यजमान रात्रपाळीच्या आठवड्यात किती झोपतात? तुम्ही लिहिलंय, दहा ते दोन. म्हणजे चार तास, तेही भर दिवसा, शेजारच्या कारखान्याचे माग खडखडत असताना.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, लाजिरवाणी आहे. शिकाऊ डॉक्टर असताना सलग तिसऱ्या रात्रीच्या ड्यूटीला मी एका पेशंटच्या कागदावर औषधाचा डोस दसपट लिहिला. एक शून्य जास्त पडलं होतं. सिस्टरने विचारलं, "सर, हे बरोबर आहे ना?" आपण चुकलो असू हे माझ्या मनातही आलं नाही, आला तो राग. मी त्या बाईंवर वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडलो. त्यांनी शांतपणे कागद माझ्यापुढे धरला आणि शून्यावर बोट ठेवलं. पेशंटला काही झालं नाही, ते त्यांच्यामुळे. पण चूक दिसायच्या आधी राग आला, हे मी विसरलेलो नाही.

असं का होतं, हे नंतर मेंदूच्या छायाचित्रांतून दिसलं. मेंदूत खोल, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला की आरडाओरडा करणं हे त्याचं काम. कपाळामागचा मेंदू त्याला आवर घालतो: थांब, पोराने पंख्याचंच बटण दाबलंय. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात तरुणांना साधारण 35 तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा झोपलेल्या गटापेक्षा त्यांचा अमिग्डाला 60 टक्के जास्त भडकला, आणि कपाळामागच्या भागाशी त्याचं बोलणं तुटल्यासारखं झालं. लगाम ढिला आणि घोडा बुजलेला. तुमच्या घरात जे चाललंय ते बऱ्याच अंशी हेच असावं.

आता टॉवेलातल्या फॉल्टकडे येऊ, कारण माझ्या मते सगळा धागा तिथेच आहे. झोपेची उधारी वाढली की मेंदू उघड्या डोळ्यांनी काही क्षण परस्पर झोपून घेतो. कधी अर्धा सेकंद, कधी दहा-पंधरा. माणूस उभा असतो, डोळे मागावर असतात, पण आत कुणी नसतं. मिनिटाला शंभराच्या वर वेळा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, मारणाऱ्या मागापुढे दहा सेकंद म्हणजे काय, हे तुमच्या यजमानांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार तुटली आणि ती वेळेत दिसली नाही की टॉवेलात उभी रेघ उमटत जाते. रेघ दिसली की पैसे कापले जातात. पैसे कापलेले कळतात, डुलकी मात्र आठवत नाही, कारण ती लागली तेव्हा आठवण ठेवणारा जागा नव्हता. मग उरतं काय? "माझ्याच टॉवेलात फॉल्ट कसा निघतो?" यावर मेंदूने शोधलेलं उत्तर म्हणजे "मालक मुद्दाम करतो." संशयाची इमारत उभी करायला थकलेल्या मेंदूला एवढा पाया पुरतो. मालक खरंच लबाड आहे की नाही हे मला इथे बसून कळणार नाही. पण रात्रपाळीच्या आठवड्यात फॉल्ट जास्त आणि दिवसपाळीत कमी असतील, तर उत्तर मिळालं. पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर त्या एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

मोटारसायकलचा प्रकार मी हलका घेणार नाही. दुपारी दोनला उठलेला माणूस सकाळी आठला कारखान्यातून निघतो तेव्हा सलग 18 तास जागा असतो. 1997 साली ऑस्ट्रेलियात केलेल्या एका तुलनेत सलग 17 तास जागलेल्या माणसाचं डोळ्या-हातांचं काम, रक्तात 100 मिलीलीटरला 50 मिलीग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं घसरलेलं दिसलं. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा 30 मिलीग्रॅम आहे. म्हणजे रात्रपाळी करून निघालेला, थेंबही न घेतलेला माणूस त्या हिशोबाने मर्यादेच्या पार गेलेला असतो, आणि त्याला कुठलाही पोलीस अडवत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात रिक्षाने किंवा सोबत्याच्या मागे बसून या, एवढं आजपासूनच ठरवा. सोबती रात्रपाळी करून निघालेला नको, झोपून उठलेला हवा.

आता घोरणं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड, हनुवटी मागे, नाक चोंदलेलं अशा माणसाच्या घशातली वाट इतकी अरुंद होते की हवा जाताना आतली पडजीभ फडफडते, त्याचा आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाज थांबतो. घरच्यांना वाटतं, चला, शांत झोप लागली. खरं तर त्या वेळी छाती-पोट जोर लावत असतं आणि हवा मात्र जात नसते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, एक मोठा घुरका येतो आणि श्वास सुरू होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त असा थांबा तासाला 5 च्या वर वेळा पडला की आम्ही त्याला स्लीप ॲप्निया म्हणतो, 15 च्या वर मध्यम, 30 च्या वर तीव्र. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. एखाद्याला रात्रभर दर दोन मिनिटांनी गदागदा हलवलं तर सकाळी तो काय बोलेल याची कल्पना करा. अंथरुणात आठ तास जातात, पण झोप चाळणीतून गळून गेलेली असते.

सकाळी तोंड कोरडं पडणं, डोकं जड असणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, रक्तदाब वाढलेला असणं, ही त्याची साथसंगत. गळ्याचा घेर टेपने मोजा. विड्यांच्या पानाचं माप घेता तसंच, एका मिनिटाचं काम. 40 सेंटीमीटरच्या वर असेल तर माझा संशय वाढेल. आणि याचा मनाशी संबंध फार जवळचा आहे. उदासी, चिडचिड, लक्ष न लागणं, कामेच्छा जाणं हे नैराश्यातही होतं आणि ॲप्नियातही. माझ्याकडे एक गृहस्थ होते, दीड वर्ष नैराश्याच्या गोळ्या घेत होते, फरक चार आणे. तपासणी केली तर तासाला चाळीसच्या वर थांबे. नाकावर मास्क लावून हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र असतं, सीपॅप. 1981 साली सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी त्याचा उपयोग पहिल्यांदा दाखवला. ते यंत्र लावून आमचे गृहस्थ महिनाभराने आले आणि मला म्हणाले, "सर, मशीन घेतल्यापासून बायकोचा आवाज कमी झालाय." बायको शेजारीच होती. म्हणाली, "माझा आवाज हाय तेवढाच हाय."

तुमच्या मेडिकलवाल्याच्या गोळीवर माझा राग आहे तो याच कारणाने. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि दचकून जागं व्हायची मेंदूची सवय मंद करतात. ज्याचा श्वास झोपेत थांबतो त्याला ही गोळी देणं म्हणजे बुडणाऱ्याच्या हातातली दोरी काढून घेणं. ताडी-दारूचंही तेच. दारूने डोळा लवकर मिटतो खरा, पण उतरताना रात्रीच्या उत्तरार्धात झोपेचे तुकडे करते. ताडीत तर कधी कधी झोपेचीच रसायनं मिसळलेली सापडतात, मग रविवारी गाढ झोप आणि सोमवार-मंगळवारी डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, हे चक्र मी या भागातल्या कितीतरी घरांत पाहिलंय. तरीही एक सांगतो, गोळी उद्यापासून एकदम बंद करू नका. महिनोन्महिने घेतलेली ही गोळी अचानक तोडली तर झोप आणखी उडते, घाम, घबराट, क्वचित फिटसुद्धा येते. ती डॉक्टरच्या हिशोबाने, पाव पाव करत उतरवायची असते. ही औषधं 2014 पासून एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिलेल्याची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम आहे. नियम सगळ्यांना ठाऊक आहे, गोळीही सगळ्यांना मिळते.

हाक ऐकू आली त्याबद्दल. कधी आली, हे तुम्ही लिहिलं नाही आणि मला नेमकं तेच हवंय. डोळा लागता लागता किंवा जाग येता येता स्वतःचं नाव ऐकू येणं, दार वाजल्यासारखं वाटणं, खोलीत कुणी उभं आहे असं वाटणं हे चांगल्या भल्या माणसांनाही होतं. स्वप्न बघणारा मेंदू आणि जागा मेंदू यांच्यामधला दरवाजा त्या वेळी अर्धवट उघडा असतो. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू मुद्दाम सैल केलेले असतात, म्हणजे स्वप्नात पळताना आपण खरोखर अंथरुणातून पळत सुटू नये. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मग हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. झोप तुटक असली की हे वारंवार होतं. सासूबाईंचं "बाहेरचं" बहुधा इथून आलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. नारळ फोडायचा तर फोडू द्या, पण तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.

दिवसा, पूर्ण जागेपणी, पुन्हा पुन्हा आवाज येत असतील, ते आवाज त्यांना हुकूम देत असतील, संशय मालकावरून तुमच्यावर, शेजाऱ्यांवर, जेवणात काही घातल्यावर गेला असेल, चांगली झोप झालेल्या आठवड्यातही तो तसाच राहत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो स्वतंत्र मनोविकार असू शकतो आणि त्यावर औषध लागतं. कित्येक दिवस न झोपता जागं राहिलेला निरोगी माणूससुद्धा भ्रमात जातो. 1963-64 च्या हिवाळ्यात सॅन डिएगोचा रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी 11 दिवस जागला होता. त्याला भास झाले, मूड गेला, साधी वजाबाकी करता करता आपण काय करतोय हेच तो विसरला. नंतर सुमारे 14 तास झोपला आणि सावरला. सावरला, हे महत्त्वाचं. झोपेच्या अभावाने आलेले भास झोपेने जातात.

आणखी एक फरक मी प्रत्येक नातेवाईकाला विचारतो. कमी झोपून माणूस थकलेला दिसतो की ताजातवाना? तीन तास झोपून पहाटे चारला उठतो, घर झाडतो, दुकान टाकायच्या गोष्टी करतो, पैसे उधळतो, भरभर बोलतो आणि "मला झोपेची गरजच नाही" म्हणतो, तर तो उन्मादाचा, म्हणजे बायपोलर आजाराचा झटका असू शकतो. तिथे कमी झोप हे लक्षणही असतं आणि ठिणगीही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस झाले की माझ्याकडे असे दोन-तीन पेशंट हमखास येतात. नंदीध्वजाच्या मिरवणुकीपायी रात्री जागवलेल्या, उत्साहात गोळ्या विसरलेल्या. घरात असा आजार असेल तर लग्न, जागरण-गोंधळ, बाळंतपण या काळात त्या माणसाची झोप म्हणजे औषधाचाच एक डोस समजून सांभाळायची. याउलट पहाटे तीनला जाग येणं, मग मनात काळोख, सकाळ सगळ्यात वाईट आणि संध्याकाळी जरा बरं, हे नैराश्याचं वळण. झोप न लागणं हे नैराश्याचं नुसतं शेपूट नाही. अनेक दीर्घकाळच्या अभ्यासांचा 2011 मध्ये एकत्र हिशोब मांडला तेव्हा, आधी उदास नसलेल्या पण झोप न लागणाऱ्या माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे दुप्पट दिसली. यजमान कधी "जगून काय करायचं" अशा भाषेत बोलले असतील तर पाळी-बिळी, घोरणं-बिरणं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात.

पाळीचं काय करायचं? सर्वांत वाईट पद्धत म्हणजे दर आठवड्याला पाळी उलटी करणं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. बारा तासांचा फरक पचवायला लागतात बारा दिवस आणि तुमच्याकडे सहा दिवसांत पाळी पुन्हा पालटते. म्हणजे मेंदू कायम प्रवासात, कुठेच पोचत नाही. मालकाशी बोलून दोन-तीन आठवड्यांची सलग पाळी मिळत असेल तर मागून बघा. मिळणार नसेल तर घरात करता येण्यासारखं थोडं आहे. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू समजतो, दिवस उजाडला, म्हणून येताना टोपी किंवा काळा चष्मा घालावा. घरी आल्यावर चहा नाही. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही अर्धं रक्तात शिल्लक असतं, तेव्हा कारखान्यातला चहाही मध्यरात्रीपर्यंतच, पहाटे चारचा बंद. खोली काळोखी हवी. पडदे विकत आणायची गरज नाही, घरात जाड सोलापुरी चादर असेलच, तीच खिडकीला दुहेरी टांगा. कानात कापसाचे बोळे. सकाळी चार तास आणि पाळीला निघण्याआधी संध्याकाळी दीड तास असे दोन हप्ते केले तरी चालतील. रात्रपाळीच्या सहा दिवसांत लग्न-बारशी, बँक, मुलांची शाळा यांसाठी त्यांना दुपारी उठवायचं नाही. नातेवाईक नावं ठेवतील, ठेवू देत.

उन्हाळ्याचा एक वेगळाच जाच आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर, आणि पत्र्याचं छत रात्री बारापर्यंत दिवसाची धग खाली सोडत असतं. गच्चीवर झोपण्याची आपल्या आजी-आजोबांची पद्धत शास्त्राला धरूनच होती. गच्ची नसेल तर झोपण्याआधी अंघोळ, फरशीवर पाणी शिंपडून चटई, आणि पायांवर ओला पंचा. पायांतून उष्णता लवकर बाहेर पडते.

आता तुमच्याबद्दल, कारण सगळं पत्र नवऱ्यावर लिहून स्वतःला तुम्ही दोन ओळींत संपवलंय. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी रात्री अकराला तर कधी दोनला. नळाचा आवाज होतो का म्हणून कान टवकारून झोपलेली बाई झोपलेलीच नसते. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला घोरणं. दिवसा तुमचे विड्यांचे कट्टे मोजताना चुकतात असंही तुम्ही लिहिलंय आणि "वय झालं" म्हणून सोडून दिलंय. वय झालेलं नाही. पाण्याच्या रात्री शेजारच्या दोघी-तिघींनी पाळी लावून घ्या, एकीने जागायचं आणि दार वाजवून बाकीच्यांना उठवायचं. एका वाड्यातल्या बायकांनी हे केलंय, माझ्या पेशंटनेच सांगितलं. महिन्यात सहा-सात रात्रींऐवजी दोन-तीनच रात्री अर्ध्या जागाव्या लागतात.

आणि पाय ओढतात त्याचं. संध्याकाळी-रात्री आडवं पडलं की पिंढऱ्यांत वळवळ, हुळहुळ, ओढ, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, चाललं की बरं वाटतं, असं असेल तर त्याला अस्वस्थ पायांचा आजार म्हणतात. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कमी असणं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, तेव्हा यात नवल नाही. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन नावाची तपासणी करायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि या आजारात ते 75 च्या खाली असलं तरी लोह देण्याचा विचार करतात. लोह भरलं की कित्येकींचे पाय शांत होतात. मिश्री लावत असाल तर निजताना तरी बंद करा, तंबाखू झोपेची वैरीण आहे. जेवणानंतर लगेच चहा घेत असाल तर तोही दूर सारा, लोह अंगी लागू देत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक आडवळण. ज्यांचा श्वास ठीक, पाय ठीक, पाळी नाही, पाणी नाही, तरी रात्रभर छताकडे बघत पडतात, त्यांच्यासाठी गोळी हा पहिला उपाय नाही. अमेरिकेतल्या वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचाराला पहिली पसंती दिली. त्याचा गाभा ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करा. पाचच तास झोप येत असेल तर साडेपाच तासच अंथरुणात, उठायची वेळ रविवारीही तीच, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत, घड्याळ भिंतीकडे तोंड करून. पहिला आठवडा जिकिरीचा जातो. बायपोलर, फिट येणारे आणि ट्रक-एसटी चालवणारे यांनी मात्र हे आपल्या मनाने करू नये.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. हे वेड लागण्याची सुरुवात आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. माझा अंदाज असा, की घोरण्यातून श्वास अडकणं, त्यावर उलटीपालटी पाळी, त्यावर गोळी आणि ताडी, असं थरावर थर चढलंय. अंदाज चुकू शकतो, म्हणून तपासावं लागेल. जन्मभर गोळीचा प्रश्न आत्ता उद्भवतच नाही, आधी आहे ती गोळी उतरवायची आहे. सिव्हिलमध्ये मनोविकार, छातीविकार आणि कान-नाक-घसा हे विभाग एकाच आवारात आहेत. रक्तदाब, साखर, थायरॉइड बघून घ्या. "तुमच्या डोक्याची तपासणी" म्हणालात तर ते येणार नाहीत. "घोरण्याची तपासणी" म्हणा, येतील.

येताना मोबाइलवर एक व्हिडिओ आणा. दिवसपाळीच्या आठवड्यातली रात्र निवडा, पाण्याची आणि ताडीची सोडून. ते उताणे झोपलेले असताना छाती आणि पोट दोन्ही दिसतील असं बाजूने धरा, आवाज चालू ठेवा. घोरणं थांबलं म्हणून लगेच बंद करू नका. मला त्या पुढचाच भाग बघायचाय. पोट हलतंय आणि आवाज नाही, असे सेकंद मोजायचे आहेत. पाच-सात मिनिटं पुरे.